दाखवायचे दात आणि खायचे दात

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'सिरॅमिकच्या दंतटोप्या' असा विषय छापलेला पाहून पुष्कळांस नवल वाटले असेल. शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवर नोंदणी अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीस दाताच्या टोपीने येऊन बसावे, हे जरा विचित्रच दिसते. परंतु चिटणिसांनी हा विषय सुचविला तो विचारपूर्वकच, असे आम्हांस वाटते. अलीकडे आमच्या दवाखान्यात जे ज्ञातिबांधव येतात, त्यांतील बऱ्याच जणांची तक्रार दुखऱ्या दाढेची नसते. "मुलीचे दात जरा पिवळट आहेत, स्थळे पाहावयास आरंभ केला आहे, तेव्हा पुढच्या दातांस कॅप बसवून टाका," असे ते सांगतात. आणि हे सांगणारे वडील स्वतःची रूट कॅनाल केलेली दाढ दोन-दोन वर्षे तशीच ठेवून हिंडत असतात! हत्तीचे दाखवायचे दात निराळे आणि खायचे निराळे असतात, हे आपण जाणतोच. माणसास दुधाचे दात सोडले तर एकच संच मिळालेला आहे, आणि त्यानेच हसावयाचे व त्यानेच भाकरी चावावयाची आहे. ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत, म्हणून आजचे हे बोलणे.

प्रथम, टोपी म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजीत तिला क्राऊन म्हणतात, बोलण्यात आपण कॅप म्हणतो. आम्ही आज टोपी हाच शब्द वापरू. 'टोपी घालणे' याचा मराठीत जो दुसरा अर्थ आहे, तो आमच्या व्यवसायास कधीच लागू पडत नाही, असे मात्र छातीठोकपणे सांगवत नाही.

दाताच्या दिसणाऱ्या भागावर इनॅमल नावाचे कवच असते. मनुष्यदेहातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. पुढच्या दातांवर त्याची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास, तर दाढांच्या उंचवट्यांवर दोन ते अडीच मिलिमीटर. त्याच्या आत दंतिनाचा पिवळसर थर आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत गाभा, ज्यास आपण दाताची नस म्हणतो. आता या कवचाची एक गोष्ट पक्की ध्यानी ठेवावी. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते; परंतु इनॅमल घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतेवेळीच नाहीशा झालेल्या असतात. एकदा कापलेले इनॅमल पुन्हा कदापि येत नाही.

टोपी बसवावयाची म्हणजे तिच्यासाठी जागा करावी लागते. दात चोहोबाजूंनी सुमारे एक ते दीड मिलिमीटर आणि वरून दीड ते दोन मिलिमीटर घासावा लागतो. मघाशी सांगितलेली जाडी आठवा, म्हणजे हिशेब आपोआप कळेल. पुढच्या दातावर टोपी चढविली की त्याचे स्वतःचे कवच जवळजवळ सर्वच गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय मोजणीत असे आढळले की, पुढच्या दातास पूर्ण टोपी बसविताना त्याच्या दिसणाऱ्या भागाचा वजनाने ६३ ते ७२ टक्के अंश खर्ची पडतो. लोकांची समजूत अशी की, टोपी म्हणजे दातावर वरून चढविण्याचे आवरण, जणू पुस्तकास घातलेले वेष्टन. प्रत्यक्षात ते वेष्टन नीट बसावे म्हणून पुस्तकच कापावे लागते.

यावरून आम्ही टोपीच्या विरुद्ध आहोत असा अर्थ कोणी काढू नये. जेथे ती हवी तेथे तिच्यासारखा दुसरा उपाय नाही. कीड खोल गेलेल्या दाढेची नस काढली, पोकळी भरली, दुखणे थांबले, की रोगी समाधानाने घरी जातो आणि पुन्हा येत नाही. परंतु त्या दाढेचे मधले छप्पर गेलेले असते आणि चार भिंती तेवढ्या उभ्या असतात. सुपारीचे खांड, चिक्कीचा तुकडा, भाकरीतला एखादा खडा मध्ये आला की या भिंती पाचरीने फाकाव्यात तशा फाकतात. तड मुळापर्यंत उतरली की ती दाढ वाचविणे ब्रह्मदेवाच्याही हाती नाही. ती काढावीच लागते. बैलगाडीच्या लाकडी चाकास लोखंडी धाव चढवितात ती शोभेसाठी नव्हे. आरे आणि पुठ्ठे एकत्र आवळून धरावेत म्हणून. दाढेवरची टोपी हेच काम करते. मात्र काठीच्या टोकास शेंबी बसविण्यासाठी टोकाचे लाकूड शाबूत असावे लागते, तसाच हिरडीच्या वर चोहोबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी निरोगी दात टोपीच्या पकडीत यावा लागतो. रूट कॅनालनंतर 'पुढे बघू' म्हणून दोन वर्षे काढणाऱ्यांचा नेमका तेवढाच भाग झिजून वा तुटून जातो, आणि मग टोपी बसविण्यास आधारच उरत नाही. सभागृहात अशी दाढ घेऊन बसलेले निदान दहा-पंधरा गृहस्थ असतील. त्यांनी आपल्याकडे पाहून आम्ही बोलत आहोत असे खुशाल समजावे.

या कलेचा इतिहास थोडक्यात सांगतो. सोन्याच्या टोप्या जुन्याच. परंतु दाताच्या रंगाची चिनी मातीची टोपी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरच्या चार्ल्स लँड या दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आणली. १९२७ साली एकट्याने, मध्ये कोठेही न उतरता अटलांटिक महासागर उडून ओलांडणारा लिंडबर्ग हा याच लँडचा नातू, मुलीचा मुलगा. ती टोपी सुंदर पण ठिसूळ होती. १९६२ साली धातूच्या पातळ टोपीवर चिनी मातीचा थर भाजून बसविण्याच्या रीतीचे पेटंट अमेरिकेत निघाले, आणि १९६५ साली इंग्लंडात मॅकलीन व ह्यूज यांनी चिनी मातीत ॲल्युमिना मिसळून तिला बळकटी आणली. १९८५ साली झुरिकमध्ये संगणकाच्या साह्याने सिरॅमिकच्या ठोकळ्यातून दाताचा भाग कोरून तो एकाच बैठकीत रोग्यास बसविण्यात आला. आपल्या देशात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास काढले. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ चे. म्हणजे आपल्याकडे हे शास्त्र तसे तरुणच आहे. तथापि आज पुण्या-मुंबईतच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावीही उत्तम टोपी बसवून मिळते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. दात पिवळे, तपकिरी वा काळसर दिसण्याची कारणे एक नव्हेत, आणि कारण न पाहता सर्वांवर टोपीचा एकच उपाय करणे म्हणजे ताप असो की खरूज, एकाच बाटलीतले औषध देण्यासारखे आहे. चहा, पान, तंबाखू यांचे डाग वरवरचे असतात. आपल्या कित्येक वडीलधाऱ्या स्त्रिया अजूनही मिश्री लावतात. तिचा काळेपणाही दाताच्या बाहेरचाच. एका बैठकीत दात साफ करून घेतले की तो निघतो. (मिश्री ही तंबाखूच आहे आणि तिने तोंडाचा कर्करोग होतो, हे येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.) लहानपणी पडून मार लागलेला एखादाच दात पुढे राखाडी होतो, त्याची नस मेलेली असते. नस काढून दात आतून उजळविता येतो, आणि तो फार मोडलेला नसेल तर टोपी लागतही नाही. टेट्रासायक्लिन नावाचे औषध आठ वर्षांखालील मुलांस दिले गेल्यास घडत असलेल्या दातांत ते बसते व दातांवर करडे-पिवळे पट्टे उमटतात. ही गोष्ट १९५६ पासून वैद्यकीय लेखनात नोंदली गेली आहे. आणि साधा पिवळटपणा तर बहुधा दोषच नसतो. आतील दंतिनाचा रंग पारदर्शक कवचातून डोकावतो, इतकेच. आपण दातांस मोत्याची उपमा देतो. मोती जवळून पाहावा. तो चुन्यासारखा पांढरा नसतो.

आमच्या ज्ञातीपुरते सर्वांत महत्त्वाचे कारण मात्र निराळेच आहे. आपली बरीच कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या जिल्ह्यांत पिढ्यानपिढ्या आहेत. तेथील काही गावांच्या विहिरींत व कूपनलिकांत फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. दर लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा. तीहून अधिक फ्लोराइडचे पाणी जन्मापासून आठ वर्षांपर्यंत पोटात गेले की दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, प्रमाण वाढल्यास तपकिरी डाग आणि फारच वाढल्यास खळगे पडतात. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ साली आलेल्या मॅके नामक तरुण दंतवैद्यास गावकऱ्यांचे असेच तपकिरी दात दिसले. त्याने तीस वर्षे या गोष्टीचा पाठपुरावा केला; शेवटी १९३१ मध्ये चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातील फ्लोराइड हेच कारण असल्याचे शोधून काढले. मौज अशी की, हे डागाळलेले दात किडीस सहसा दाद देत नाहीत, असेही मॅकेच्या नजरेस आले होते. म्हणजे जे दात कुरूप म्हणून आपण कापून टाकावयास निघतो, ते कित्येकदा शेजारणीच्या पांढऱ्याशुभ्र दातांहून अधिक निकोप असतात.

अशीच विदर्भात वाढलेली, पदवीधर, बावीस वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली होती. तपकिरी डाग पाहून एका स्थळाने नकार कळविला, दुसऱ्याने आडवळणाने विचारणा केली. तेव्हा घाईघाईने तिच्या वरच्या आठ दातांस एका दवाखान्यात टोप्या बसविण्यात आल्या. लग्न झाले. दोन वर्षांत आठांतील दोन दातांच्या नसा मेल्या, टोप्यांच्या कडा हिरडीत फार खोल गेल्यामुळे हिरड्या सुजून रक्त येऊ लागले. जिवंत दात इतका घासला की काहींची नस पुढे मरते, हा या उपायातील ठाऊक असलेला धोका आहे. तो त्या मुलीस वा तिच्या आईवडिलांस कोणी सांगितला नव्हता. आणि सर्व काही सुरळीत झाले असते तरी काय? उत्तम टोपी दहा-पंधरा वर्षे टिकते, क्वचित अधिक. बाविसाव्या वर्षी बसविलेली टोपी सत्तरीपर्यंत निदान तीन वेळा तरी बदलावी लागणार, आणि प्रत्येक वेळी आतला दात आणखी थोडा कमी होणार. एका दुपारच्या पाहण्याच्या कार्यक्रमासाठी आयुष्यभराचे हे देणे त्या मुलीच्या गळ्यात बांधले गेले.

मुलगेही यातून सुटलेले नाहीत, परंतु दहांपैकी आठ वेळा आमच्यापुढे आणून बसविली जाते ती मुलगीच, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

वरपक्षाच्या मनात जी शंका असते ती सहसा बोलून दाखविली जात नाही: 'हे पुढे मुलाबाळांत उतरेल काय?' त्याचे उत्तर येथे, सर्वांच्या समक्ष देतो. फ्लोराइडचे डाग आनुवंशिक नाहीत, संसर्गजन्य नाहीत. तो पाण्याचा गुण आहे, कुळाचा नव्हे. ती मुलगी लग्न होऊन चांगल्या पाण्याच्या गावी गेली, तर तिच्या मुलांचे दात इतरांसारखेच निघतील. इनॅमलच सदोष घडण्याचा एक आनुवंशिक विकार आहे, पण तो अगदी विरळा असून तपासणाऱ्यास ओळखता येतो. आपल्या वधूवर समितीस आमची विनंती आहे की, असे प्रश्न आले तर वरपक्षास ही माहिती आपण होऊन द्यावी. आणि ज्या गावी असे डाग अनेक मुलांत दिसतात, तेथील आपल्या शाखेने पिण्याचे पाणी तपासून घ्यावे. आजच्या लहान मुलांसाठी त्याहून मोठे दंतकार्य दुसरे नाही.

मग डाग असलेल्या दातांचे काही करूच नये काय? अवश्य करावे, मनास खटकत असेल तर ते सुधारण्यात गैर काहीच नाही. परंतु पायऱ्या असतात. सौम्य डाग दात उजळविण्याने वा सौम्य आम्ल व दगडाची भुकटी लावून अगदी वरचा पापुद्रा घासल्याने पुष्कळ फिके होतात. त्यापुढे दाताच्या रंगाचे रेझिन वरून लावता येते. त्याने भागले नाही तर सिरॅमिकचा पातळ पापुद्रा केवळ पुढच्या बाजूस चिकटवितात, ज्यास व्हिनियर म्हणतात. मघाच्या त्याच मोजणीत त्यासाठी दाताचा ३ ते ३० टक्के अंशच गेला होता. खळगे पडून दात ढासळू लागला असेल, अपघातात अर्धा मोडला असेल, जुन्या भरणांनी पोखरला असेल, तर मात्र पूर्ण टोपी योग्य. अठरा वर्षांच्या आत तीही शक्यतो टाळावी, कारण कोवळ्या दातातील नस मोठी व पृष्ठभागाच्या जवळ असते.

टोपी करावयाची ठरली, तर कशाची करावी? धातूवर चिनी माती भाजलेली टोपी स्वस्त व टिकाऊ. परंतु हिरडी सरकल्यावर कडेस काळी रेघ दिसू लागते, आणि धातूत निकेल असल्यास काहींस ते सोसत नाही. ज्यांना खोट्या दागिन्याने कानास खाज सुटते, त्यांनी हे आधी सांगावे. झिर्कोनियाची टोपी पूर्ण सिरॅमिकची. तिचा ठोकळा आधी खडूसारखा मऊ असतो. यंत्राने तो कोरतात, आणि भट्टीत सुमारे १५०० अंशांवर भाजल्यावर तो प्रत्येक बाजूने पाचवा हिस्सा आकसून पोलादासारखा घट्ट होतो. हे आकसणे धरून टोपी मुळात मोठी कोरावी लागते, इतके ते काम हिशेबाचे आहे. दाढांसाठी ती उत्तम. पुढच्या दातांसाठी लिथियम डायसिलिकेट नावाचे काचेच्या जातीचे सिरॅमिक अधिक जिवंत दिसते, कारण त्यातून प्रकाश थोडा आरपार जातो. सर्वांत महाग ते सर्वांत चांगले, हा बाजारातला न्याय येथे लावू नये. शेवटच्या दाढेस, जी हसताना कोणास दिसत नाही, साधी धातूची टोपी आजही वाईट नाही, आणि तिच्यासाठी दातही कमी घासावा लागतो.

रंग निवडण्याचे काम दात घासण्यापूर्वी, दिवसाच्या उजेडात करून घ्यावे. तोंड उघडे ठेवून दात सुकला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो. त्या दिवशी ओठांस रंग लावू नये, भडक साडी वा सदरा घालू नये. सोळा छटांची एक जर्मन पट्टी बहुतेक दवाखान्यांत असते. रोगी तिच्यातील पहिल्या, सर्वांत पांढऱ्या छटेवर बोट ठेवतो, आणि शेजारचे दात मात्र चौथ्या-पाचव्या छटेचे असतात. मग तो एक दात तोंडात दिवा लावल्यासारखा दिसतो. शेजाऱ्यांशी मिळताजुळता रंग घ्यावा. सर्वच दात उजळवावयाचे असतील तर ते आधी उजळवून, पंधरा दिवस थांबून मग छटा ठरवावी, कारण सिरॅमिक उजळत नाही.

पुढे माप घेतात, तात्पुरती टोपी देतात, आणि साधारण आठवड्याने खरी टोपी येते. ती पक्की चिकटविण्यापूर्वी चावून पाहावी. रंगीत कागद दाताखाली धरून उंचवटा कोठे लागतो ते पाहतात. त्या वेळी भिडेखातर 'ठीक आहे' म्हणू नये. केसाएवढा उंचवटाही जबड्यास महिनाभर छळतो. टोपीबरोबर कारखान्याचे हमीपत्र मिळत असल्यास मागून घ्यावे, आणि उपचार करणाऱ्याचे नाव राज्याच्या दंतवैद्यक नोंदवहीत आहे की नाही हे विचारावयासही संकोच करू नये. १९४८ सालच्या कायद्यापासून ही नोंदणी आवश्यक झाली आहे.

शेवटी, टोपी किडत नाही हे खरे. पण तिच्या कडेखालचा दात किडतो. ती कड रोज घासावी, दोन दातांमधून दोरा फिरवावा. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ते आधीच सांगावे. त्यासाठी वेगळे साधन करून देता येते.

बोलण्यास उभे राहण्यापूर्वी दोन चिठ्ठ्या आमच्या हाती आल्या. पहिलीत एका भगिनीने विचारले आहे, सासऱ्यांचे वय चौऱ्याहत्तर, आता टोपीचा खर्च करावा काय? दाढ हिरडीत घट्ट असेल आणि त्या बाजूने ते जेवत असतील, तर अवश्य करावा. कवळी बसविण्याची पाळी आली तरी अशी एखादी घट्ट दाढ आधारास सोन्याच्या मोलाची ठरते. घरात खर्चाचा विचार होत असेल तर मुलीच्या पुढच्या सहा दातांचे राहू द्यावे आणि ही एक दाढ आधी करावी, असे आमचे मत आहे.

दुसरी चिठ्ठी, टोपी निघून आली तर काय करावे? ती डबीत जपून ठेवावी. घरातील झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती स्वतः बसवू नये. त्याने दात व टोपी दोन्ही बिघडतात. निघालेल्या बाजूने चावू नये, आणि दोन-चार दिवसांतच डबीसकट दवाखान्यात यावे. महिनाभर थांबल्यास शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि तीच टोपी पुन्हा बसत नाही.